बापूला सेल दाखवू नका

कणकवलीच्या एसटी डेपोजवळ आमच्या बापूचं बॅटरी दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजात शिकवून सुटलो की मी तिथे चहाला टेकतो. गिऱ्हाईक सेल घेऊन जातं, मी किस्सा घेऊन जातो. आता घरी ठेवायला जागा नाही!

बापूचा धाकटा भाऊ सदा मालवणहून होडी घेऊन समुद्रात जातो. एकदा खडकांतून परतताना त्याची डोक्याला बांधायची बॅटरी विझली. सेल डुप्लिकेट! सदा कसाबसा वाचला, पण तेव्हापासून बापूचा कुठल्याच नव्या सेलवर विश्वास नाही.

एक सेल्समन आला. "ओरिजिनल लिथियम सेल, सर. सील्ड पॅक!"

बापूने सेल तळहातावर झुलवला. "हलको लागता." आणि सरळ वरचं वेष्टण सोलायला लागला.

"अहो, हे काय करताय?"

"बांगडो घेताना कल्ले उघडून बघतास मा? मगे ह्येका कित्याक सोडू?"

मग बापूने दारावर पाटी लावली, 'इथे खात्रीचे सेल'. बांद्याहून एक मावशी आली. "सेल खंय लागलो हा? माका नेसूचा पातळ बघूचा आसा."

बापूने तिच्याकडेही संशयानेच बघितलं. "तुमका कोणी धाडल्यान?"

मी एकदा ऑनलाइन स्वस्तात सेल मागवले. त्यावरचा क्षमतेचा आकडा वाचून बापू खो खो हसला. "सर, ह्या खरा असता तर ह्येच्यार गोव्याची एसटी गेली असती!" मला राग आला, पण सेल दोन आठवड्यांत आटोपले.

शेजारचे गुरुजी फुगलेली पॉवरबँक घेऊन आले. "अजून चालते हो!" बापूने ती अंगणातल्या वाळूच्या बादलीत ठेवली आणि आम्हाला लांब उभं केलं.

"उशाक घेवन झोपतास?"

"हो."

"वयनीक विचारलास?"

तपासणीत नापास झालेल्या सेलच्या उघड्या अंगावर बापू लाल मार्करने 'मेलो' लिहितो आणि ते भंगारवाल्याला देतो. गेल्या महिन्यात मुंबईच्या व्यापाऱ्याकडून सदासाठी नवे सेल आले. निळंशार वेष्टण, बिल, गॅरंटी!

सदा दारात घाई करत होता. "दादा, बेगीन घाल. सांजेक होडी काढूची आसा."

"बिल आहे रे, आता तरी सोड," मीही म्हटलं.

बापूने वेष्टण सोललं. आत लाल अक्षरात, त्याच्याच हातचं, 'मेलो'.

त्याने सेल सदाच्या हातावर ठेवला.

"बघ. मुंबैक जावन नवे कपडे घालून इलो!"