सातचा ठेका आणि दौंडचा मेकॅनिक

इंग्लंडातल्या एका लहानशा गावातल्या पोरांनी जॅझ आणि सायकेडेलिक रॉकची मिसळ करून केलेलं संगीत आमच्या अख्ख्या खुटबाव गावात फक्त माझ्याकडं होतं, तेही एकाच कॅसेटवर. पुण्यातल्या मित्राच्या महिनाभर मागं लागून ती भरून आणली होती. तिचा ठेका सात मात्रांचा, मधेच पाचांवर जाणारा.

टेपचं बटण तुटलं म्हणून टेप दौंडला दुरुस्तीला टाकला आणि मूर्खासारखी कॅसेट आतच ठेवली. एका बटणाला आठवडा लागला! मेकॅनिक तीच कॅसेट लावून बघायचा आणि ठेका लंगडला की टेप पुन्हा उघडायचा. पट्टा बदलला, हेड पुसलं, मोटरही बदलली. शेवटी मलाच म्हणाला, "टेप चांगला हाय, तुमची कॅसेटच खराब हाय. म्हणून तिच्यावर भजनं भरून दिलीत."

डोकं फिरलं, तसाच टेप उचलला. घरी येऊन कॅसेट लावली. भजनं खणखणीत वाजली, वडील खूश होऊन मान डोलवत बसले. भजनं संपली, फीत थोडी उरली होती, आणि तिच्यावर माझा सातचा ठेका सुरू झाला. मी धावत जाऊन आवाज वाढवला.

"बंद कर तो टेप," वडील म्हणाले. "परत बिघडला बघ."