प्रार्थनेचा विषय

आमच्या परळच्या चर्चमध्ये मराठी उपासनेला आता पुढचे बाकसुद्धा भरत नाहीत. तरुण मंडळी कल्याण-वसईकडे गेली, नाहीतर इंग्रजी उपासनेला. उरलो आम्ही. पेन्शनवाले, विधवा आणि माझ्यासारखी एखादी बिनलग्नाची. आणि एवढ्याच माणसांतून जिवाभावाची मैत्रीण निवडावी असा आमच्याकडे उपदेश आहे. ओळखी सगळ्यांशी ठेवा, अडीअडचणीला धावून जा, पण मन जिच्यापाशी मोकळं करायचं ती विश्वासातली, म्हणजे आपल्याच धर्मातली हवी, असं पाळकसाहेब सांगतात. तेही रागावून नाही, मायेनं.

मला हा उपदेश पटतो, हे आधीच सांगून टाकते. अडचणीत सापडलेल्या माणसाबरोबर गुडघे टेकणारं कुणीतरी हवं, आणि ते त्याच देवापुढे टेकणारं हवं, यात चूक काही नाही. फक्त माझी मैत्रीण हा उपदेश कळण्याच्या वयाआधीच ठरून गेली होती. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो. ती लालबागची, मालवणी घरातली, वडील गिरणीत. गणपतीत नैवेद्याचे मोदक झाले की तिची आई माझ्यासाठी थोडे मोदक मागाहून वेगळे करायची, वेगळ्या ताटलीत ठेवायची, म्हणजे प्रसाद खाल्ल्याची टोचणी मला नको. आणि नाताळ मार्गशीर्षातल्या गुरुवारी आला तर माझी आई तिच्यासाठी बिनअंड्याचा केक करायची. दोन्ही आयांनी इतकी काळजी घेतली की देवाबद्दल बोलायची वेळ आमच्यावर कधी आलीच नाही. तिची सासू, माझे ऑफिसातले साहेब, तिचं ऑपरेशन, माझं मोडलेलं लग्न, सगळं बोलून झालं. तेवढं राहिलं.

गेल्या वर्षी आई गेली आणि माझी प्रार्थना बंद पडली. रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्ही दोघी बसायचो. सुरुवात आई करायची, मी शेवटी आमेन म्हणायचे. ती गेल्यावर मी तिच्या खुर्चीत बसून पाहिलं. तोंडातून शब्द फुटेना. चर्चमध्ये सगळ्यांबरोबर नुसते ओठ हलवत होते. त्यात आमची नायगावची चाळ पाडायला काढलेली, शेजारीपाजारी पांगलेले, आणि मी अँटॉप हिलला भाड्याच्या खोलीत. समोरच्या दाराआड कोण राहतं हेही मला ठाऊक नव्हतं. रविवारी उपासनेहून आल्यावर सोमवारी ऑफिस गाठेपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू यायचा नाही.

आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी बायकांची प्रार्थनासभा असते. तिथे दोघी-दोघींच्या जोड्या लावून देतात. आपलं दुखणं जोडीदारणीला सांगायचं आणि तिनं आपल्यासाठी घरी रोज प्रार्थना करायची. माझ्या वाट्याला आली ती माटुंग्याला राहणारी, शाळेतून निवृत्त झालेली बाई. मनानं फार चांगली, हे मी आज रागातही म्हणते. कुणी आजारी पडलं की डबा घेऊन सगळ्यांच्या आधी हीच पोचणार. एका बुधवारी सभेनंतर मी तिला सांगून टाकलं, की मला प्रार्थना येत नाही. आईची खुर्ची, ओठ हलवणं, सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझा हात कितीतरी वेळ सोडला नाही. त्या दिवशी घरी जाताना मी चक्क गुणगुणत होते. पाळकसाहेब सांगतात ते खरं आहे, मिळाली बाई एकदाची, असं मनात म्हणत होते.

पुढच्या बुधवारी नेहमीप्रमाणे प्रार्थनेचे विषय मागवले. कुणी गुडघेदुखी मांडली, कुणी नातवाचा व्हिसा. मग माझी जोडीदारीण उभी राहिली, डोळे मिटले, आणि माझं नाव घेऊन माझं सगळं प्रभूपुढे ठेवलं. खुर्ची आणि ओठसुद्धा वगळले नाहीत. भोवतालच्या बायका उठून आल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर, खांद्यांवर हात ठेवले. त्या हातांखाली मी मान खाली घालून बसले होते आणि माझे कान लाजेनं तापले होते. नंतर चहाच्या वेळी प्रत्येकीनं आपापला उपाय सांगितला. पहाटे उठा, उपास धरा, बायबल मोठ्यानं वाचा. एक जण तर दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर गुलाबाच्या चित्रासकट वचनं पाठवू लागली.

बाहेर पडताना मी जोडीदारणीला गाठलं आणि विचारलं, माझी गोष्ट सगळ्यांना का सांगितलीत. तिला प्रश्नच कळला नाही.

"मी कुणाला सांगितलं, ताई? मी प्रभूलाच सांगितलं," ती म्हणाली.

आणि ते तिला अगदी मनापासून वाटत होतं. चुगली करणारीशी कडाकडा भांडता येतं. तुमच्यासाठी रडणाऱ्या बाईशी कसं भांडायचं? मी बसस्टॉपवर एकटीच चरफडत उभी राहिले.

त्यानंतर काही बुधवार मी गेलेच नाही. अशाच एका बुधवारी, सभेच्या वेळेला, लालबागला मैत्रिणीकडे गेले. ती बांगडे साफ करत बसली होती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले आणि इतक्या वर्षांत न बोललेलं बोलले. आधी प्रार्थनेचं, मग सभेतलं. ऐकता ऐकता तिचा हात थांबला होता.

"मी आमच्या गणपतीक सांगू काय गो, तुझ्यासाठी?" ती म्हणाली, आणि लगेच, "तुला चालत नसेल तर नाही सांगत."

विचारलं तरी तिनं. माझे डोळे भरून आले. आणि तरीही माझ्या तोंडून निघालं, "नको."

"बरं," ती म्हणाली आणि बांगडे धुवायला मोरीकडे वळली. ती रागावली नाही, पण दुखावली असणार. तिच्यापाशी होतं त्यातलं सगळ्यात मोठं तिनं देऊ केलं होतं आणि मी ते परत केलं होतं. जेवायला तिनं आग्रह करून थांबवलं, आमटीतला मोठा तुकडा मलाच वाढला, पण तो विषय दोघींनीही पुन्हा काढला नाही. परतताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की ज्या प्रभूशी मला दोन शब्द बोलता येत नव्हते त्याच्यासाठी मी माझ्या सख्ख्या मैत्रिणीला नको म्हणाले. म्हणजे मी अजून त्याचीच होते. याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझी गोष्ट पोटात ठेवणारी माझ्याबरोबर गुडघे टेकू शकत नव्हती, आणि गुडघे टेकणारीच्या पोटात काही राहत नव्हतं. आई गेली त्या आठवड्यातही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये जोडीदारणीनं मला पाहून बाकावरची पर्स उचलली आणि जागा करून दिली. मी बसले. तिनं जागा केल्यावर दुसरीकडे कशी बसणार होते? तिचा चेहरा उतरलेला दिसला. माझ्यासाठी उपास धरला असावा, ती तशीच आहे. माझ्याकडे वाकून तिनं हळूच विचारलं, "आता येते ना प्रार्थना?"

"येते," मी म्हणाले.

तिचा चेहरा खुलला. तिनं माझा हात दाबला. खरं सांगितलं असतं तर येत्या बुधवारी त्याचा विषय झाला असता. पाळकसाहेबांनी सगळ्यांना प्रार्थनेसाठी उभं राहायला सांगितलं. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात प्रभूला सांगितलं, की मी आत्ता तुझ्या घरात बसून खोटं बोलले. आई गेल्यापासून त्याच्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य. ते सांगायला मला दुसरं कुणी नव्हतं.