डावा कान

बाबा गेल्यापासून आईने केसांत फूल माळलं नव्हतं. मी तिला इंग्लंडात, रीडिंगला माझ्याकडे आणलं, आणि घरात कुढत बसते म्हणून एका रविवारी पार्कात उभारलेलं, पॅसिफिक बेटांवरच्यासारखं पॉलिनेशियन गाव बघायला नेलं. दारातच ताहितीची एक मुलगी बायकांच्या कानामागे फूल खोचत होती. जोडीदार असेल तर डाव्या, नसेल तर उजव्या, असं तिने सांगितलं. आईने चटकन डावा कान पुढे केला.

वर्षभर आईचे फॉर्म भरताना मी 'विधवा' असंच लिहीत आले होते. मला मेलीला राहवलं नाही. "माझे वडील वारलेत," मी त्या मुलीला सांगितलं. ती ओशाळली आणि तिने फूल उजवीकडे लावलं. आईने ते काढून माझ्या हातात दिलं.

परतताना बसमध्ये मी ते तिच्या डाव्या कानामागे लावायला गेले. तिने मान फिरवली.