शेवंताताईचं तेल

आमच्या घरात चपलांचा एकच जोड होता. तो घालून मी शाळेत जायची, आणि शेवंताताई झरी जामणीच्या रानात अनवाणी सुगंधी रोशा गवत कापायची. आई-बाबा गेल्यावर गवताचं तेल काढायची भट्टी तिनंच चालवली. त्या धुरात राहून मला शिकवलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, हे मी ताठ मानेनं सांगते. ताईला जाऊन आता महिना होतोय...

गेल्या हंगामात पांढरकवड्याच्या व्यापाऱ्यानं तिचं तेल परत केलं. "शेवंताबाई, भेसळ करून राह्यल्या काय?" भर दुकानात म्हणाला. मग गावातही कोणी तिच्याशी धड बोलेना. छातीचं दुखणं होतंच, तिनं अंथरूण धरलं. तेलाची शिशी माझ्या हातात देत म्हणाली, "तुह्या मशीनले इचार. ते काई त्याचा जावई नाही!"

मी यवतमाळला कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. तेलाच्या थेंबातून अवरक्त किरण सोडले की आलेखावर खड्ड्यांची रेघ उमटते. प्रत्येक पदार्थाचे खड्डे ठरलेले. ताईच्या तेलात परके खड्डे दिसले. पुन्हा थेंब ठेवला, पुन्हा तेच.

घरी येऊन मी सांगितलं, "तेलात दुसरं काहीतरी आहे, ताई."

ती भिंतीकडे वळली. "म्हंजे तू बी मले चोर म्हनून राह्यली."

त्यानंतर ती जेवेचना. मी भट्टीवर जाऊन एकेक जोड तपासला. तेल बाहेर पडायची तांब्याची नळी टोकाशी फुटलेली, तिथं ताईनं फवारणीच्या पंपाची कोरी नळी लावली होती. आमच्याकडे काहीही फुटलं की तीच लावतात. पण असलं गरम तेल मऊ प्लॅस्टिकमधलं रसायन ओढून घेतं... मी ती नळी काढली, भट्टी पेटवली, तेल थेट काचेच्या बाटलीत धरलं आणि यवतमाळची बस पकडली.

यंत्रावर दुसऱ्याचं काम चालू होतं. मी बाहेर बाकावर ताटकळत बसले. तेवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. "लवकर ये वो पोरी... ताई तुही..." मी बाटली आत टेबलावर ठेवून धावले.

राख सावडून परत आले, तेव्हा बाटली टेबलावर तशीच होती. थेंब ठेवला. परके खड्डे नव्हते. मग नळीचा तुकडा तपासला. ते खड्डे त्याचेच होते. दोन्ही आलेख मी व्यापाऱ्याच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर उलगडले. ताईला सांगायचं राहून गेलं, ते आता कुणाला सांगू?

माझ्या बहिणीनं तेलात काही मिसळलं नव्हतं. ते सिद्ध झालं.