हनुवटीखालचा हात

ह्यांना कुठेही झोप लागायची. फळ्यावर गणित अर्धं सोडून खुर्चीत टेकले की डुलकी, लग्नाच्या पंगतीत डुलकी. शेवटी पिंप्राळ्याहून शाळेत जाताना स्कूटरवरच डोळा लागला आणि हे केळीच्या ट्रॉलीवर जाऊन धडकले. हात मोडला, तेवढ्यावर निभावलं. पुढच्या वेळी निभावेलच असं नव्हतं. पण प्लास्टर उतरताच ह्यांना पुन्हा स्कूटर हवी होती.

कारण मला ठाऊक होतं. झोपेत ह्यांचा श्वास अडकायचा. घोरणं एकदम थांबायचं, छाती धडपडायची, पण हवा आत जायची नाही. मी हनुवटी धरून वर उचलली की मोठ्ठा आवाज होऊन श्वास सुरू. नऊ वर्षं हेच चाललं होतं; झोपेतसुद्धा माझा हात आपोआप जायचा. आणि सकाळी चहा पिताना हे पाहुण्यांना सांगायचे, "ही मला झोपू देत नाही." पाहुणे हसायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

जळगावच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे सांगितला. एक्स-रेवाल्याने ह्यांना ताठ उभं केलं. "हनुवटी वर करा, हलू नका."

मी म्हटलं, "भाऊ, हनुवटी वर केली की रस्ता उघडतोच. मी रोज तेच करते. झोपवून काढा ना."

"अक्का, हा फोटो असाच काढतात."

फोटोत श्वासाचा रस्ता मोकळा निघाला. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. ह्यांनी फोटोच्या पाकिटावर थाप मारली. "बघ, काही नाही. उद्यापासून स्कूटर!" जागेपणी काढलेल्या फोटोत झोपेतला आजार दिसणार कसा? एवढी साधी गोष्ट, पण कोणी ऐकूनच घेईना. मला सगळ्यांचाच संताप आला होता.

मी स्कूटरची किल्ली लपवली आणि हट्टाने ह्यांना धुळ्याला नेलं. माझी नणंद तिथे देवपूरला राहायची. तिच्या ओळखीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. असं करणारे ते पहिलेच. म्हणाले, "झोपलेले असतानाच फोटो काढू. पण इथे भरदुपारी झोप लागेल का?"

ती काळजी नणंदेने मिटवली. दुसऱ्या दिवशी तिने वरण-बट्टीचा बेत केला. "भाऊ, बठ्ठं खाई टाक," म्हणत, सगळं संपवायचा आग्रह करत ती तूप ओतत राहिली.

टेबलावर आडवे होताच पाच मिनिटांत हे घोरू लागले. मानेच्या एका बाजूला प्लेट, दुसऱ्या बाजूला मशीन. मला शिशाचा जड एप्रन घालून उशाशी उभं केलं. श्वास थांबला की मी मान हलवून खूण करायची आणि आडोशामागच्या माणसाने बटण दाबायचं, असं ठरलं. श्वास थांबला. मी मान हलवली.

फिल्म धुऊन आली, डॉक्टरांनी ती उजेडाच्या पेटीवर लावली. रस्ता मोकळा! आणि जबड्याखाली चार बोटांची हाडं, मनगटावर पाटलीचं पांढरंशुभ्र कडं.

"हा हात कोणाचा?"

माझाच. कधी गेला ते मला कळलंही नव्हतं. इतकी खटपट करून शेवटी मीच माती केली होती. स्वतःचाच इतका राग आला की तिथेच रडू फुटलं.

"पुन्हा काढू," डॉक्टर म्हणाले. "या वेळी हात पाठीमागे धरून उभ्या राहा."

हे पुन्हा झोपले, ह्यांना काय! श्वास थांबला. मी मान हलवली आणि पाठीमागे एका हाताने दुसरं मनगट आवळून धरलं. छाती धडपडत होती, ओठांचा रंग बदलत होता. बटण दाबल्याचा आवाज आला आणि मी झेपावले.

या फिल्ममध्ये जिभेमागची हवेची काळी पट्टी मध्येच तुटलेली होती. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म शेजारी-शेजारी लावून ह्यांना समजावलं, स्कूटर बंद म्हणून बजावलं आणि मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहायला घेतली.

हे बराच वेळ त्या तुटलेल्या पट्टीकडे बघत होते. मग माझ्याकडे वळले. आवाजात चक्क तक्रार होती. "माझा श्वास बंद पडलेला दिसत होता, तरी तू नुसती उभी राहिलीस?"

"हो," मी म्हणाले. "आज पहिल्यांदाच."