काजमावशींचा सव्वा तास

शर्टांची काजं हाताने करायच्या, म्हणून कारखान्यात त्यांना सगळे काजमावशी म्हणत. टाका असा की शोधून सापडू नये, आणि जीभ अशी की शोधावी लागू नये.

नवरा इस्पितळात होता. त्या दिवशी बाराला मावशी डबा घेऊन फाटकातून आत गेल्या, तर कारकुनाने यादीवर बोट फिरवून सांगितलं, सात नंबरचा, म्हणजे तुमचा पेशंट गेला. कागद होईपर्यंत, दोनच्या आधी, वर सोडता येणार नाही. म्हाताऱ्या सासऱ्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून मावशी आल्या पावली घरी फिरल्या.

दोनला परत आल्या, तेव्हा नवरा खरंच गेला होता. पण सव्वा वाजता. बाराच्या आधी गेला तो दुसराच कुणी. सकाळी दोघांचे पलंग बदलले होते आणि यादी तशीच राहिली होती.

मावशींनी दावा लावला. दीर म्हणाले, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मावशी म्हणाल्या, मी शहाणी कधी होते?

इस्पितळाचं म्हणणं, आजार बरा होणारा नव्हताच, मग नुकसान कसलं? मावशींच्या वकिलांनी लिहून दिलं होतं की धक्क्याने हात थरथरतात. ते खोटं नव्हतं. हातात कपबशी वाजायची. समोरच्या वकिलाने कोर्टात सुई-दोरा पुढे केला. मावशींनी एका झटक्यात ओवला. चाळीस वर्षांची सवय, सुई दिसली की हात आपोआप स्थिर! त्यांच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.

"हात जाऊ द्या, साहेब," मावशी न्यायाधीशांना म्हणाल्या. "तो सव्वा तास माझा होता. तो मला पाहिजे होता."

मग वॉर्डातल्या नर्सची साक्ष झाली. पलंग मावशींच्या यजमानांनीच हट्टाने बदलून घेतला, ती म्हणाली. खिडकीतून फाटक दिसतं, बायको येताना दिसते म्हणून. बाराला ते बघतच होते. बायको आली, आणि डबा घेऊन तशीच परत गेली, तेही त्यांनी बघितलं.

याच साक्षीवर पुढे मावशी दावा जिंकल्या. पण तेव्हा त्यांना निकालाची पडली नव्हती. वकील बसा बसा म्हणत असताना त्या उठून नर्सकडे वळल्या.

"रागावले का गं?"

"नाही, मावशी. म्हणाले, काहीतरी विसरली असेल. येईल इतक्यात."