ओ द्यायला शिकवणाऱ्या बाई

चाकणच्या आमच्या कारखान्यात नेटवर्क दुरुस्तीला त्या एकदाच आल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. पन्नाशीच्या बाई, तळेगावहून स्कूटरवर आलेल्या. बोलताना खिशातले फुटाणे एकेक करून तोंडात टाकत होत्या.

आदल्या दिवशी आम्ही सर्व्हर नव्या शेडमधल्या वेगळ्या नेटवर्कवर हलवला होता. तेव्हापासून जुनं तपासणी मशीन त्याला माहिती पाठवेना, आणि तपासणीच्या नोंदीशिवाय माल गेटबाहेर जाईना. मशीनची सेटिंग बदलायची सोय नव्हती. साहेब रडकुंडीला आले होते.

बाईंनी लॅपटॉप जोडला आणि खुदकन हसल्या. "याला वाटतं, सगळं जग आपल्याच आळीत राहतं. सर्व्हरला हाका मारतंय बिचारं. दोन्ही नेटवर्कांना जोडणारा मधला राउटर ऐकतो, पण गप बसतो."

"मग आता?" मी विचारलं.

"राउटरला सांगते, सर्व्हरला हाक आली की तूच ओ दे. मशीन माहिती त्याच्याकडं देईल, तो पलीकडं पोचवेल."

"म्हणजे खोटं बोलायचं?" साहेब दचकले.

"निरोप पोचवतोय न्हवं? मग चालतंय, साहेब."

त्यांनी राउटरमध्ये एक ओळ टाकली आणि मशीनची माहिती सर्व्हरवर दिसू लागली.

"पण मुख्य ऑफिसला दुरुस्ती काय लिहू?" साहेबांनी विचारलं.

"लिहा, राउटरला शेजारधर्म शिकवला."

साहेबांनी खरंच तसं लिहिलं. हल्ली शेजारच्या टेबलावरचा फोन वाजला, की साहेब तो उचलतात आणि खुशाल म्हणतात, "हां, मीच. बोला!"